तुळईचा ताळेबंद

घरातला कर्ता माणूस गेला की 'घराचा खांब गेला' असं आपण म्हणतो. 'तुळई गेली' असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. खांब समोर उभा असतो, त्याला टेकून बसता येतं, मुलांना त्याच्याभोवती फेर धरता येतो. तुळई डोक्यावर आडवी. दुपारी आढ्याकडे बघत लोळणाऱ्याची नजरसुद्धा तिच्यावरून सरकून कौलांमधल्या उजेडाकडे जाते. प्रत्यक्षात माळ्यावरची पोती, तक्तपोशी, कड्या आणि माळ्यावर चढलेली माणसं या सगळ्यांचा भार आधी तुळई अंगावर घेते आणि मग खांबांना, भिंतींना वाटून देते. हे करताना ती थोडीशी वाकते. ती कशी आणि कुठं वाकते यावरच ही वाटणी ठरते.

या वाटणीचा हिशेब कसा मांडतात ते मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी समजलं. मी इंजिनिअर नव्हे. आयुष्यातली तीन तपं बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण हा हिशेब समजला तो माझ्याच जुन्या धंद्याच्या भाषेत, आणि समजल्यावर वाटलं की तो केवळ इंजिनिअरांनी जाणावा असा नाही. ज्या पुलावरून आपण एस.टी.नं जातो तो वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला पुष्कळदा याच हिशेबाच्या बळावर दिला जातो. या हिशेबात चूक कुठं होत नाही आणि कुठं होऊ शकते, हे पुलावरून जाणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

निमित्त घडलं ते आमच्या रेवदंड्याच्या घराचं. रेवदंडा हे पोर्तुगीजांच्या कोटात वसलेलं गाव. तटातून रस्ता आत येतो, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि कुंडलिकेच्या खाडीवर निघतो. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वाड्यांतल्या पोफळी ओळीनं आडव्या झाल्या. आमची कौलं उडाली, माळ्यावर पाणी भरलं. त्यानंतर दुरुस्तीला हात घातला, तो आज थोडी, उद्या थोडी असा रेंगाळत राहिला. अलिबागपासून मुरूडपर्यंत आता घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या आहेत. चुलतभावाच्या मुलाचा विचार तोच होता. त्याचं म्हणणं, माजघराच्या मधला खांब काढला तर चांगला हॉल निघेल, आणि वरच्या माळ्यावर दहा माणसं निजतील.

खांबावर चार मीटर लांबीची सागवानी तुळई. दोन्ही टोकं जांभ्याच्या भिंतीत, मध्ये हा खांब. सुतार गावातलाच, साठीच्या पुढचा. त्यानं तुळईवर बोटाच्या पेरांनी टकटक केली आणि म्हणाला, ''भाऊ, लाकडाला काय झालं नाही. पण मी अर्धवटच बघतोय. भिंतीतलं टोक कोणी बघितलंय?'' तेवढं बोलून तो चहाला बसला. त्या दिवशी पुण्याहून माझी पुतणी आली होती. ती स्थापत्य इंजिनिअर आहे. तिनं चुलतभावाला सांगितलं, ''अण्णा, खांबाला हात लावू नका. आधी हिशेब करू.'' आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून ती ओटीवर बसली.

आपल्याकडे घर खणांत मोजायची पद्धत आहे. दोन तुळयांमधलं किंवा दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तीन खणी घर, पाच खणी घर असं जुनी माणसं म्हणत. रेवदंड्याचा उंच पोर्तुगीज मनोरासुद्धा लोकांनी आपल्या भाषेत 'सातखणी' करून टाकला. इंजिनिअर ज्याला फायनाइट एलिमेंट म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेत परिमित घटक, तो तुळईच्या बाबतीत आपला खणच. अख्ख्या इमारतीचं गणित एकदम सुटत नाही, म्हणून ती खणाखणांत तोडायची. एका खणाचा स्वभाव आधी नीट समजून घ्यायचा आणि मग सगळे खण पुन्हा जोडायचे. तोडणं सोपं; पद्धतीचं सगळं मर्म जोडण्यात आहे.

एका खणाला दोन टोकं. प्रत्येक टोक दोनच गोष्टी करू शकतं: वरखाली सरकू शकतं किंवा कलू शकतं. म्हणजे एकूण चार हालचाली. यांतली एकच हालचाल एका मापानं करायची आणि बाकीच्या तीन घट्ट रोखून धरायच्या, तर चारही ठिकाणी किती जोर लावावा लागेल? असं चार वेळा विचारलं की चार ओळी आणि चार रकान्यांचं कोष्टक तयार होतं. हेच त्या तुळईच्या खणाचं ताठरतेचं कोष्टक, स्टिफनेस मॅट्रिक्स. खणाची लांबी एक धरली तर ते असं दिसतं:

१२     ६    −१२    ६
६      ४    −६     २
−१२    −६    १२    −६
६      २    −६     ४

पहिली आणि तिसरी ओळ डाव्या-उजव्या टोकाच्या सरकण्याची, दुसरी आणि चौथी त्यांच्या कलण्याची. सागवान असो, लोखंड असो, काँक्रीट असो, हे आकडे बदलत नाहीत. बदलतो तो बाहेरचा गुणक. त्यात लांबी येते, पदार्थाचा चिवटपणा येतो आणि छेदाचा आकार येतो. छेदात रुंदीपेक्षा उंचीला फार किंमत आहे, कारण उंचीचा घन घ्यावा लागतो. चार इंच बाय आठ इंचाची तुळई उभी घातली तर ती आडवी घातलेल्या त्याच तुळईच्या चौपट ताठ. आमच्या सुताराला घन ठाऊक नसेल, पण तुळई आडवी घाल म्हटलं तर तो काम सोडून जाईल. याचीच दुसरी बाजू अशी की वाळवीनं किंवा कुजीनं उंचीचा पाचवा हिस्सा खाल्ला तर ताठरता पाचव्या हिश्शानं कमी होत नाही. ती जवळजवळ निम्मी होते.

कोष्टक पाहिल्यावर मला पहिली गोष्ट जाणवली ती बँकेतल्या माणसाला जाणवणारी. दुसऱ्या ओळीतला चौथा आकडा २, आणि चौथ्या ओळीतला दुसराही २. कर्णाच्या दोन्ही बाजूंना आकडे आरशासारखे. एका टोकाच्या हालचालीनं दुसऱ्या टोकाला जेवढं लागतं तेवढंच दुसऱ्याच्या हालचालीनं पहिल्याला. आमच्याकडे दोन शाखांमधल्या व्यवहाराचं असंच असे. रोह्याच्या शाखेनं अलिबागच्या नावे जेवढं टाकलं तेवढंच अलिबागच्या वहीत रोह्याच्या जमेला दिसलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर कुणाची तरी नोंद चुकली. इमारतींच्या बाबतीत हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानं १८६४ मध्ये मांडला. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांसाठी जग ज्याला ओळखतं, तोच हा मॅक्सवेल.

आता जोडणी. आमच्या तुळईचे खण दोन: पूर्वेच्या भिंतीपासून खांबापर्यंत एक, खांबापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत दुसरा. प्रत्येकाचं कोष्टक चार बाय चार. पण खांबावरचं टोक दोघांचं सामाईक आहे. पूर्वेचा खण तिथं जेवढा खाली येईल तेवढाच पश्चिमेचाही येणार. नाहीतर तुळई तुटली असं म्हणावं लागेल. म्हणून दोन खणांची मिळून टोकं तीन, हालचाली सहा आणि मोठं कोष्टक सहा बाय सहा. पुतणीनं सहा ओळी आखल्या, पूर्वेचं कोष्टक वरच्या डाव्या कोपऱ्यात उतरवलं, पश्चिमेचं खालच्या उजव्या. मधल्या चार घरांत दोन्ही कोष्टकं एकमेकांवर आली. तिथं तिनं सरळ बेरीज केली. १२ आणि १२ चोवीस. ४ आणि ४ आठ. एकाचे उणे ६ आणि दुसऱ्याचे अधिक ६ मिळून शून्य. संपली जोडणी.

''एवढंच?'' मी विचारलं.

''एवढंच, काका. दोनशे खण असले तरी हेच. कुठल्या टोकाला कोणता क्रमांक दिलाय ते बघायचं आणि त्या घरात आकडा टाकत जायचा. आधीचं काही असलं तर त्यात मिळवायचा.''

मला एकदम आमच्या मुख्य कार्यालयातली वर्षअखेर आठवली. प्रत्येक शाखेचं पत्रक यायचं. त्यातला प्रत्येक आकडा खातेक्रमांक बघून एकत्रित ताळेबंदाच्या योग्य रकान्यात उतरवायचा, त्याच खात्यात दुसऱ्या शाखेचं काही असलं तर बेरीज करायची. उलट्या खुणांच्या आंतरशाखा नोंदी एकमेकींना खाऊन टाकायच्या. त्यात बुद्धीचं काम नसे, शिस्तीचं असे. म्हणूनच ते काम पुढं संगणकाकडे गेलं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी इमारतींचंही गेलं.

त्याचा इतिहास फार जुना नाही. तुळई किती भार सोसेल याचा विचार गॅलिलिओनं १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला होता. वाकण्याचं समीकरण अठराव्या शतकात बर्नुली आणि ऑयलर यांनी दिलं. पण अनेक खणांची इमारत हातानं सोडवायची म्हणजे अनेक समीकरणं एकाच वेळी सोडवायची, आणि ते जिवावर येई. १९३० मध्ये हार्डी क्रॉस या अमेरिकी प्राध्यापकानं एक युक्ती काढली. प्रत्येक सांध्यावरचा शिल्लक जोर शेजाऱ्यांना वाटायचा, त्यातला निम्मा पलीकडच्या टोकाला पाठवायचा, आणि शिल्लक नगण्य होईपर्यंत हे करत राहायचं. तो 'निम्मा' वरच्या कोष्टकात दिसतोच: ४ च्या समोर २. नंतरच्या कित्येक पिढ्यांचे इंजिनिअर याच युक्तीवर परीक्षा पास झाले. पुढं १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांसाठी तुकडे पाडून कोष्टकं जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९६० मध्ये क्लफनं तिला आजचं नाव दिलं. संगणक हाताशी येत होते. शिस्तीची बेरीज करणारा कारकून मिळाला होता.

आमच्या कॅलेंडरच्या पानावर आता सहा बाय सहाचं कोष्टक पूर्ण होतं. मी म्हटलं, ''आता सोडव.'' ती म्हणाली, ''सुटणार नाही.''

का सुटणार नाही ते तिनं खाडीकडे हात करून सांगितलं. एखादी होडी दोर सोडून पाण्यात आहे. तिला हलकेच ढकललं तर ती सगळीच्या सगळी सरकते. तिची एकही फळी वाकत नाही. कोष्टकाच्या पहिल्या ओळीत १२ आहेत आणि उणे १२ आहेत. दोन्ही टोकं सारखीच वर उचलली तर उत्तर शून्य, म्हणजे जोर लागतच नाही. आपण कोष्टक मांडलं ते फक्त तुळईचं. ती कशावर टेकली आहे हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही. त्या कोष्टकाच्या लेखी आमची तुळई खाडीतल्या होडीसारखी अधांतरी आहे. अशा कोष्टकाला एक असं उत्तर नसतं आणि संगणक ते सोडवायचं नाकारतो. आधी आधार सांगावे लागतात: हे टोक सरकणार नाही, ते टोक कलणार नाही. ज्या हालचाली आधारानं रोखल्या त्यांच्या ओळी आणि रकाने खोडायचे. उरलेलं सुटतं.

इथंच सुताराचा प्रश्न पुन्हा समोर आला. भिंतीतलं टोक कोणी बघितलंय?

खांब काढला असं धरा आणि तुळईच्या मध्यावर भार ठेवा. भिंतींनी दोन्ही टोकं इतकी घट्ट धरली असतील की ती कलूच शकत नाहीत, तर खाली दबण्याला होणारा विरोध म्हणजे मधल्या घरातले ते पूर्ण २४. पण टोकं नुसती टेकलेली असतील आणि कलायला मोकळी असतील, तर प्रत्येक टोक कलून त्यातले ९ परत देऊन टाकतं. चोवीसातून अठरा गेले, राहिले ६. तीच तुळई, तेच लाकूड, तीच लांबी. ताठरता चौपट किंवा एकपट. हा फरक लाकडात नाही आणि बेरजेतही नाही. भिंतीच्या आत, जिथं कुणाची नजर पोचत नाही, तिथं तो आहे.

मग पुतणीनं माळ्याचा भार तुळईवर सारखा पसरलेला धरून, टोकं नुसती टेकलेली समजून, खांबासह आणि खांबाशिवाय असे दोन्ही हिशेब केले. खांब आहे तोवर एकूण भाराच्या शंभर भागांतले साडेबासष्ट भाग एकटा खांब घेतो; दोन भिंतींच्या वाट्याला पावणेएकोणीस-पावणेएकोणीस. खांब काढला की प्रत्येक भिंतीवर पन्नास. म्हणजे भिंतीतल्या ज्या टोकाविषयी शंका, त्याच्यावरचा भार पावणेतीन पटींच्या आसपास जाणार. तुळईचा बाक सुमारे अडतीस पट होणार: आज अर्धा मिलिमीटर असेल तर उद्या एकोणीस. मध्यावरचा मोडू पाहणारा जोर चौपट आणि तोही उलट्या दिशेचा. आजवर खांबावर तुळईचा वरचा भाग ताणला जात होता, पुढं तिथंच खालचा भाग ताणला जाईल. शिवाय लाकडावर भार सतत राहिला तर त्याचा बाक वर्षानुवर्षं वाढत जातो.

ऐकता ऐकता माझ्या मनात उलटा प्रश्न आला. खांब जाग्यावर ठेवला, पण त्याचा तळखडाच खचला तर? ती हसली. म्हणाली, ''मग नेमका एकोणीस मिलिमीटर खचला की खांबावरचा भार शून्य. उभा दिसेल, पण काम काही करत नसेल.''

हे वाक्य मला आमच्या कर्जखात्यात टांगून ठेवण्याजोगं वाटलं. व्यापाऱ्याला मालाच्या तारणावर कर्ज दिलेलं असे. दर महिन्याला मालाचं पत्रक येई, पत्रकाच्या बेरजा चोख असत. तरीसुद्धा अधिकाऱ्यानं स्वतः गोदामात जायचं, थप्पी हलवून मागची पोती बघायची, असा नियम होता. समोरच्या दोन रांगा भाताच्या आणि मागं भुशाची पोती, असं कधी निघे. पत्रकाची बेरीज तेव्हाही बरोबरच असे.

दुसऱ्या दिवशी सुतारानं दोन्ही भिंतींचा गिलावा टोकांपाशी फोडला. पूर्वेचं टोक हाताला खणखणीत लागलं. पश्चिमेच्या टोकात त्याची सळई बोटभर आत गेली. वादळात त्या भिंतीत पाणी मुरलं होतं, आणि त्याआधीही कित्येक पावसाळे थोडं थोडं मुरत असणार. बाहेरून रंग जसाच्या तसा. सुतार काही बोलला नाही. सळई बाहेर काढून त्यानं चुलतभावाच्या मुलाच्या हातात दिली. खांब राहिला. पश्चिमेच्या भिंतीलगत तुळईखाली नवा आधार आला. माळ्यावर दहा माणसं निजवण्याचा बेत रद्द झाला.

एका घराचं निभावलं. पण हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर काय करू शकते याचं उदाहरण इंजिनिअरिंगच्या जगात प्रसिद्ध आहे. नॉर्वेत समुद्रातल्या तेलविहिरीसाठी स्लायप्नर नावाच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला जात होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी तो चाचणीसाठी फियॉर्डच्या पाण्यात हळूहळू बुडवत असताना सुमारे ६५ मीटर खोलीवर एक भिंत फुटली आणि सगळा पाया तळाला गेला. मनुष्यहानी झाली नाही. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचं मानलं गेलं. चौकशीत निघालं ते असं: संगणकात त्या भिंतींच्या सांध्यापाशी तुकडे फार मोठे आणि बेढब पाडले होते. त्यामुळं तिथला कातरणारा जोर प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी दिसला, आणि त्याच भरवशावर सळया कमी पडल्या. बारीक तुकडे पाडून पुन्हा हिशेब केला, तेव्हा उत्तर आलं: भिंत ६२ मीटरवर फुटेल. पद्धत खोटी नव्हती. तिला सांध्याची जी हकिकत सांगितली होती ती अपुरी होती.

आपल्याकडची उदाहरणं याहून जवळची आणि जास्त दुखरी आहेत. गोव्यात मांडवीवरचा पणजीचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पूर्वताणित काँक्रीटचा तो पूल पुरता दोन दशकंही उभा नव्हता. खाऱ्या हवेत पोलादाच्या तारा गंजतात आणि गंज काँक्रीटच्या आत असतो. आमच्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एस.टी. बस त्यातल्या माणसांसह गेल्या. तो कमानींचा पूल होता, तुळयांचा नव्हे. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाल्याचं शासनानं तेव्हा सांगितलं होतं. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसशेजारचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि घरी निघालेली माणसं दगावली. त्या पुलाचं तर संरचनात्मक परीक्षण झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती करून वापरण्यास योग्य असा शेराही मिळालेला होता.

या तिन्ही घटनांची कारणं वेगवेगळी आहेत. त्यांची मोळी बांधण्याचा माझा हेतू नाही. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या नजरेत एक गोष्ट भरते. 'पाहणी केली' या दोन शब्दांत किती काय काय मावू शकतं! रस्त्यावरून गाडीनं जाऊन केलेली पाहणी, काठावर उभं राहून दुर्बिणीनं केलेली पाहणी, आणि पुलाखाली होडी नेऊन, शिडी लावून, हातोडीनं ठोकून केलेली पाहणी. कागदावर तिन्हींचे शब्द तेच.

रेवदंड्याहून साळावला जाणारा पूल कुंडलिकेच्या मुखावर आहे. एके काळी तर पकडून ओलांडायची खाडी आता काही मिनिटांत ओलांडून अलिबाग तालुक्यातला माणूस मुरूड तालुक्यात पोचतो. खाडीवरच्या अशा प्रत्येक पुलाला आमच्या तुळईचेच प्रश्न लागू आहेत, फक्त मोठ्या मापात. पुलाच्या तुळया खांबांवर थेट बसवत नाहीत. मध्ये बेअरिंग असतात. तीस मीटर लांबीची काँक्रीटची तुळई तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर सुमारे सात मिलिमीटर लांब किंवा आखूड होते. तेवढं सरकायला तिला वाव हवा. बेअरिंग खाऱ्या हवेनं आणि धुळीनं जाम झालं की कोष्टकात 'सरकायला मोकळं' म्हणून लिहिलेलं टोक प्रत्यक्षात बांधलं जातं, आणि तो जोर खांबाच्या माथ्यावर येतो. आतल्या सळया गंजल्या की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. बाहेरच्या गुणकात लिहिलेली ताठरता बांधणीच्या दिवसाची असते. संगणकाला पावसाळे मोजता येत नाहीत; कुणीतरी जाऊन, बघून, मोजून नवा आकडा द्यावा लागतो.

या कोष्टकाची आणखी एक खुबी पुतणीनं जाता जाता सांगितली. हजार खणांची इमारत घेतली तर मोठ्या कोष्टकात बहुतेक घरं रिकामी असतात, कारण प्रत्येक सांधा फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. पण तेच कोष्टक उलटं केलं, म्हणजे अमुक ठिकाणी भार टाकला तर कोण किती हलेल असं विचारलं, की जवळजवळ एकही घर रिकामं राहत नाही. नातं फक्त शेजाऱ्याशी. झळ मात्र सगळ्यांना. एका टोकाचा आधार ढिला झाला तर त्याचा हिस्सा दुसरे आधार मुकाट्यानं उचलतात, आणि म्हणूनच तो ढिला झाल्याचं बरेच दिवस कुणाला कळत नाही.

यावर उपाय म्हणून मी काही मोठी योजना सुचवणार नाही. बँकेत तारणाच्या पाहणीच्या अहवालावर चार गोष्टी लिहाव्या लागत: कोण गेला, कोणत्या तारखेला गेला, काय हातानं तपासलं आणि काय तपासता आलं नाही. चौथा रकाना रिकामा ठेवला तर वरिष्ठ अहवाल परत पाठवत. पुलाच्या दोन्ही टोकांना उद्घाटनाच्या कोनशिला असतात, मंत्र्यांची नावं असतात. त्यांच्या शेजारी एक साधा फलक असावा, मराठीत, दर पाहणीनंतर बदलायचा: पाहणीची तारीख, पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, बेअरिंग प्रत्यक्ष पाहिली की नाही, पाण्याखालचा पाया तपासला की नाही, आणि काय पाहायचं राहिलं. खर्च फार तर रंगाच्या एका डब्याचा. बेरीज करायला यंत्रं पुष्कळ आहेत. त्या चौथ्या रकान्यात खरं लिहिणारा माणूस हवा, आणि पुलावर चढण्यापूर्वी ते वाचणारे आपण हवेत.